खुराडं आधी, कोंबड्या मागाहून

दिवसा घारीवर धावून जाणारी पिल्लांची आई सूर्य मावळला की दुबळी होते. कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही. उजेड ओसरू लागला की ती उंचावरची जागा धरते, एकदा बसली की हलत नाही, आणि मग कोणी मानेला हात घातला तरी तिला पळता येत नाही. गावात कोंबडी धरायची तर अंधार पडल्यावर धरतात, ती यामुळेच. रानमांजर आणि उदमांजर यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. परसात पहिल्यांदाच कोंबड्या पाळणाऱ्याला मात्र ते बहुतेक वेळा पहिली कोंबडी गेल्यावर कळतं.

म्हणून या पुस्तिकेत खुराड्याचा विचार रात्रीच्या बाजूने केला आहे. दिवसा कोंबड्यांना खुराडं फारसं लागत नाही. अंडं घालायला आणि पावसाची सर चुकवायला तेवढ्या त्या आत येतात. तिन्हीसांजेपासून झुंजूमुंजू होईपर्यंत मात्र त्या पूर्णपणे त्या चार भिंतींच्या हवाली असतात. त्या वेळात लागणाऱ्या गोष्टी चारच : पक्की कडी, कोरडी जमीन, बसायला दांडी आणि खेळती हवा. एवढं नीट जमलं की बाकीचं सामान घरातलं, जुनंपानं, फुकटात मिळालेलं चालतं. नवख्या माणसाचा खर्च नेमका उलट्या बाजूला होतो. रंगीत भांडी येतात, छपराला नक्षी होते, आणि दार सुतळीने बांधलेलं राहतं.

क्रमही असाच उलटा होतो. आठवडी बाजारात कोंबड्या दिसतात, मुलं हट्ट धरतात, पाय बांधलेल्या चार कोंबड्या पिशवीतून घरी येतात. पहिली रात्र पालथ्या पाटीखाली, दुसरी मोरीत, आणि तिसऱ्या दिवशी सुताराची शोधाशोध. घाईत बांधलेलं खुराडं मग वर्षानुवर्षं ठिगळं लावत वापरावं लागतं. त्याऐवजी खुराडं पुरतं उभं राहीपर्यंत एकही पक्षी घरात आणायचा नाही, एवढा एकच नियम पाळला तरी पुढच्या निम्म्या अडचणी टळतात.

परसातली कोंबडी मागे पडत चालली आहे असा समज शहरात दिसतो. आकडे वेगळं सांगतात. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी १८ लाख कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी मोजले गेले. त्यांतले ३१ कोटी ७० लाख परसातले होते. आधीच्या गणनेच्या तुलनेत एकूण संख्या १७ टक्क्यांच्या आसपास वाढली, परसातल्या पक्ष्यांची वाढ मात्र ४५ टक्क्यांहून अधिक होती. या वाढीमागे सरकारी योजना आहेत, गावठी अंड्याला मिळणारा चढा भाव आहे, आणि ग्रामीण घरांतली एक जुनी रीतही आहे : अंड्यांचे पैसे घरातल्या बाईच्या हातात राहतात. दुधाचे पैसे डेअरीच्या खात्यावर जमा होतात, पिकाचे घरधन्याकडे जातात. दोन डझन अंडी विकून आलेल्या पैशांतून वह्या, औषधं, भिशीचा हप्ता निघतो आणि त्याचा हिशेब कोणी विचारत नाही. परसातलं खुराडं म्हणजे नुसता छंद नव्हे, ते असं.

जुन्या घरांत खुराड्याची जागा ठरलेली असे. ओट्याच्या पोटात किंवा पडवीच्या कोपऱ्यात दगडमातीचा कप्पा, तोंडाला फळी, फळीला टेकून दगड. पिल्लांसाठी बांबूचं डालगं. चोराचिलटापासून आणि कुत्र्यामांजरांपासून ही रचना भक्कम होती आणि घरातल्यांना कोंबड्यांचा आवाज लगेच ऐकू येई. त्यात उणीव होती ती हवेची आणि सफाईची. भेगांमध्ये रक्त पिणारे बारीक किडे दिवसा दडून बसत आणि रात्री कोंबड्यांच्या अंगावर चढत. खाली वाकून, हात घालून तो कप्पा साफ करणं हे घरातल्या पोरींच्या वाट्याला येणारं सर्वांत नकोसं काम. नवं खुराडं बांधणाऱ्याने जुन्याचा भक्कमपणा घ्यावा आणि दार एवढं मोठं ठेवावं की फावडं आणि माणसाचा खांदा दोन्ही आत जातील.

दांडीची गरज समजून घ्यायची तर रानात जावं लागतं. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडी रानकोंबडी. सह्याद्रीत आढळते ती करडी रानकोंबडी, तिची चुलत बहीण. पण हा संबंध चुलत नात्यावरच थांबत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असं दिसून आलं की पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीला आणि पिवळ्या पायांना कारणीभूत असलेलं जनुक करड्या रानकोंबडीकडून आलं आहे. जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांमध्ये दक्षिण आणि पश्चिम भारतातल्या रानाचा हा अंश आहे. या दोन्ही रानकोंबड्या दिवसभर जमिनीवर चरतात आणि रात्री झाडावर किंवा बांबूच्या बेटात चढून बसतात. हजारो वर्षं माणसाच्या अंगणात काढूनही ती ओढ सुटलेली नाही. जमिनीवर झोपायला लावलेली कोंबडी विष्ठेत बसते, पोटाची पिसं ओली करते आणि आजार ओढवून घेते.

दांडी दीड-दोन इंच रुंद, वरच्या कडा गोल केलेली असावी. दर पक्ष्यामागे आठ इंच धरले तर दहा कोंबड्यांना चार-चार फुटांच्या दोन दांड्या पुरतात. कोंबडी खाली बसली की पायांतल्या शिरांना ताण पडून बोटं आपोआप मिटतात, त्यामुळे झोपेतही ती पडत नाही. गिरिराजसारख्या वजनदार जातींसाठी दांडी दीड-दोन फुटांपेक्षा उंच नको. जड अंगाने खाली उडी मारताना तळपायाला इजा होते आणि ती चिघळते. आणखी एक बारकावा : दांडी अंड्यांच्या पेटीपेक्षा उंच हवी. सर्वांत उंच जागी झोपायचं हा कोंबडीचा हट्ट असतो, पेटी उंच असेल तर ती पेटीतच झोपते आणि सकाळची अंडी घाणीने माखलेली मिळतात. तिन्हीसांजेला दांडीवर जागेसाठी जी ढकलाढकली चालते ती दहा मिनिटं उभं राहून पाहावी. कोण कोणाला टोचतं, कोणाला शेवटपर्यंत जागा मिळत नाही, कोण पंख सोडून कोपऱ्यात बसलं आहे, हे सगळं तेव्हा दिसतं. आजारी पक्षी ओळखायची याहून चांगली वेळ नाही.

आता जाळी. दुकानात ‘चिकन जाळी’ मागितली की पातळ तारेची षटकोनी जाळी हातात येते. ती कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, मोठ्या छिद्रांतून उदमांजर पंजा घालतं, आणि जाळीला टेकून झोपलेली कोंबडी सकाळी मानेशिवाय सापडते. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्ड मेश लावावी. महाग पडते, पण तिच्यातून घूसही येत नाही, आणि अंडी-पिल्लांसाठी येणारा नाग किंवा धामणही बाहेरच राहते. दिवसाच्या मोकळ्या आवाराला हवी तर षटकोनी जाळी चालेल, मात्र तिथे वर लक्ष ठेवावं लागतं. घार, शिक्रा आणि कावळा पिल्लं उचलतात. मुंगूस तर दिवसाढवळ्या येतं, त्यामुळे रात्रीचं दार कितीही भक्कम असलं तरी पिल्लांना उघड्यावर एकटं सोडता येत नाही. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात उसाच्या फडांतून फिरणाऱ्या बिबट्याचाही विचार करावा लागतो. तिथे खुराडं शेताच्या बांधावर नको, घराच्या भिंतीला लागून असावं.

कुत्रा आणि घूस जाळीच्या बुडाशीच उकरतात. तेव्हा जाळी जमिनीत फूटभर गाडावी किंवा बाहेरच्या अंगाला फूटभर आडवी पसरून वर दगड-माती टाकावी. उकरणारं जनावर दोन पावलं मागे सरून विचार करत नाही, बुडाशी जाळी लागली की ते नाद सोडतं. दाराला वरून पडणारी साधी कडी पुरत नाही. कडीत खिळा किंवा कुलूप अडकवावंच.

दहा कोंबड्यांना चार फूट बाय पाच फुटांचं खुराडं पुरेसं होतं, म्हणजे दर पक्ष्यामागे दोन चौरस फूट. त्या दिवसभर मोकळ्या असतील आणि फक्त झोपायला आत येत असतील तर याहून कमी जागेतही भागतं. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर ऊन थेट आत येत नाही. लांब बाजूंना खाली फूट-दीड फूट भिंत, वर छपरापर्यंत जाळी. जमीन आजूबाजूपेक्षा दीड फूट तरी उंच.

छपराबाबत मात्र महाराष्ट्रभर एकच सल्ला चालत नाही. कोकणात मुख्य शत्रू झड. नैऋत्येकडून येणारा पाऊस आडवा मारतो, म्हणून वळचण तीन फूट बाहेर काढावी लागते आणि त्या बाजूला गुंडाळता येईल अशी ताडपत्री लागते. तिथे भात असल्याने तूस मुबलक, कौलं आणि नारळाचे झाप हाताशी. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, तिथे नुसत्या पत्र्याखाली कोंबड्या भाजून निघतात. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं हाच तिचा अंग थंड करण्याचा मुख्य मार्ग, आणि त्यात शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं. पत्र्यावर तुराट्या, गवत किंवा उसाचं पाचट पसरावं, नाहीतर पांढरा चुना द्यावा, आणि उन्हाळ्यात पाणी दुप्पट ठेवावं. निफाडच्या थंडीत गोणपाटाचे पडदे लागतात. पण कितीही थंडी असली तरी छपराखालची वीतभर फट बुजवू नये.

त्या फटीचं कारण अमोनिया. कोंबडीचं मूत्र आणि विष्ठा एकत्रच पडतात. त्यात ओल मिसळली की वायू तयार होतो, आणि तो जमिनीलगत, कोंबडीच्या नाकाच्या उंचीवर सर्वांत दाट असतो. उभ्या माणसाला वास येत नाही म्हणून हवा चांगली असं मानू नये. पहाटे दार उघडताच उकिडवं बसून खुराड्याच्या तोंडाशी एक श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर रात्रभर आतल्यांचे काय हाल झाले असतील ते कळतं. सर्दी, घरघर, सुजलेले डोळे यांची सुरुवात पुष्कळदा इथूनच होते.

जमिनीवर तीन-चार इंच गादी घालतात : भाताचं तूस, लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलं, जे त्या भागात स्वस्त मिळेल ते. गादीची परीक्षा मुठीत होते. मूठभर तूस घट्ट दाबून हात उघडायचा. सुटं झालं तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल वाढली आहे. ती जागा काढून टाकावी, नवं तूस घालावं, थोडा चुना मिसळून खालीवर करावं. पावसाळ्यात हे काम आठवड्यातून दोनदा करावं लागतं, कारण ओल्या गादीतच रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि कोवळी पिल्लं त्याला आधी बळी पडतात. जुनी गादी कुजवून वापरली की परसातल्या पालेभाजीला दुसरं खत लागत नाही.

पेट्या, दाणपात्र, पाणपात्र यांवर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. चार-पाच कोंबड्यांमागे एक फूटभर चौकोनी अंधारी पेटी पुरते. फळांची क्रेट, जुनी टोपली, फुटका माठ आडवा घातला तरी कोंबडी तक्रार करत नाही. दाणपात्र तिच्या पाठीच्या उंचीला टांगलं की दाणे उधळले जात नाहीत, पाण्याचं भांडं दोन विटांवर ठेवलं की त्यात घाण पडत नाही. एका अंड्याच्या कवचासाठी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. ते दाण्यांतून मिळत नाही, म्हणून शिंपल्यांचा चुरा एका वाटीत कायम ठेवावा. स्वयंपाकघरातलं शिळं-उरलेलं सगळं द्यावं, पण बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड चुकूनही नको. त्या बुरशीचं विष कोंबडीचं यकृत पोखरतं.

मग पक्षी कोणते आणि किती वयाचे? पहिलटकराने एक दिवसाची पिल्लं आणू नयेत, असा या पुस्तिकेचा स्पष्ट कौल आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती थोडी थोडी उतरवावी लागते. गावात वीज गेली की बल्ब जातो आणि पिल्लं एकमेकांवर चढून चेंगरतात. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत ५० टक्के अनुदानावर ८ ते १० आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर असा गट देण्याची तरतूद आहे. त्या वयाला ऊब देण्याची गरज संपलेली असते, पिसं आलेली असतात, सुरुवातीच्या लसी झालेल्या असतात. योजनेत नाव असो वा नसो, ते वय ध्यानात ठेवण्यासारखं आहे. आणि फक्त खाण्यापुरती अंडी हवी असतील तर कोंबडा पाळण्याची सक्ती नाही. कोंबडी त्याच्याशिवायही अंडी देते, फक्त ती उबत नाहीत. दाट वस्तीत राहणाऱ्याने शेजाऱ्यांच्या पहाटेच्या झोपेखातर हे लक्षात घ्यावं.

गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, पण काटक असते, स्वतःचं पोट भरते आणि खुडूक बसून पिल्लं काढते. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराज, ग्रामप्रिया या जाती परसासाठीच आहेत. अंडी गावठीच्या दुप्पट ते तिप्पट, पिसं रंगीत. पांढरी कोंबडी दुरून दिसते आणि शिकाऱ्याच्या डोळ्यांत भरते, रंगीत तेवढी भरत नाही. मात्र या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणून जाणत्या बायका दोन गावठी कोंबड्या मुद्दाम राखतात, सुधारित कोंबडीची दहा-बारा अंडी त्यांच्याखाली ठेवतात आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं मोजतात.

हिशेबाचंही सरळ बोललं पाहिजे. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतं, म्हणजे दहा कोंबड्यांना महिन्याला पस्तीस किलोच्या आसपास. उकिरडा, गोठा, शेताचा बांध असेल तर त्यातला बराच वाटा त्या स्वतः मिळवतात. शहरातल्या बंद आवारात सगळं विकत घ्यावं लागतं, तिथे घरचं अंडं बाजारच्या अंड्यापेक्षा महाग पडतं. ते माहीत असून ज्याला पाळायच्या आहेत त्याने जरूर पाळाव्यात.

खुराडं कितीही चांगलं असलं तरी एक शत्रू जाळीतून आरपार येतो. मान पिळवटते, हिरवट हगवण लागते, तोंड वासून श्वास चालतो आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. गावात त्याला मानमोडी म्हणतात, दवाखान्यात राणीखेत. १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळ हा रोग ओळखला गेला. आपल्याकडे त्याला कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतचं नाव चिकटलं. त्याच कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात तयार झालेली लस आजही आठ आठवड्यांवरच्या पक्ष्यांना टोचतात. पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात थेंब टाकून द्यायची लासोटा वेगळी. लस स्वस्त आहे, अडचण दुसरीच आहे. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते, बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती फोडायची कोणी? उत्तर गल्लीतच आहे : सगळ्या घरांनी एकच दिवस ठरवायचा, एकाने थर्मासमधून कुपी आणायची, भल्या पहाटे कोंबड्या दांडीवर असतानाच सगळ्यांच्या टोचून घ्यायच्या. शेजारच्या कोंबड्या बिनलसीच्या राहिल्या तर आपल्या खुराड्याचा धोका तेवढा वाढतोच.

बाजारातून आणलेला नवा पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. अचानक मर सुरू झाली तर उरलेल्या कोंबड्या घाईने विकू नयेत, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ आली. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात तो पुन्हा आढळला. अशा वेळी ठरलेल्या परिघातले परसातले पक्षीही नष्ट करावे लागतात, आणि माहिती जितकी उशिरा पोचते तितका परीघ फैलावतो.

खुराडं बांधून झालं की दोन-तीन रात्री ते रिकामंच बंद करून ठेवावं. भोवती राखेचा किंवा बारीक मातीचा पातळ थर पसरावा आणि सकाळी ठसे पाहावेत. कोण आलं, कुठे थांबलं, कोणत्या कोपऱ्यात उकरून पाहिलं, हे त्यावरून कळतं आणि तिथे डागडुजी करता येते. मग पक्षी आणावेत, तेही संध्याकाळी, थेट दांडीवर बसवायला. पुढचे चार-पाच दिवस दाणापाणी आतच द्यावं, दार उघडू नये. पहिल्यांदा मोकळं सोडायचं ते सूर्यास्ताच्या तासभर आधी, म्हणजे फार दूर जायला वेळ मिळत नाही. परत बोलावताना रोज एकच हाक द्यावी, एकाच डब्यात दाणे खुळखुळवावेत, शेवटची मूठ खुराड्याच्या आतच टाकावी, आणि डोकी मोजून झाल्यावरच कडी लावून खिळा अडकवावा.